उजवं-डावं

पहाटे माउंट मॅग्नेटहून निघायचं, उत्तरेला.
मीकाथाराला टपालाच्या थैल्या टाकायच्या,
दुपारी परत, दक्षिणेला.
आमच्याकडे गाडीचं चाक उजव्या हाताला.
जाताना सूर्य उजवीकडे,
येताना सूर्य उजवीकडे.
एकतीस वर्षं टपाल वाटलं,
हा साधा हिशेब ध्यानात आला नाही.
सूर्य मात्र एकदाही पत्ता चुकला नाही.

खिडकीच्या काचेनं धूळ अडवली, माश्या अडवल्या,
एकदा क्यूच्या अलीकडे एका एमूची चोचसुद्धा.
उन्हाला तिनं घरच्यासारखं आत घेतलं.

माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत,
असं मी पोस्टातल्या नव्या पोरांना ऐकवायची.
केसांचं खरंच होतं ते.
गालाला विचारलंच नव्हतं कुणी.

परवा खोकल्याचं औषध घ्यायला गेले
तेव्हा काउंटरवरच्या टीगननं
माझ्या तोंडापुढे आरसा धरला
आणि बिलाच्या पुठ्ठ्यानं अर्धा चेहरा झाकला.
आधी डावा.
उरली ती माझी आई,
शेवटच्या आजारातली.
डोळ्याखाली थैली, आम्ही बंदरावरून उचलायचो तसली,
गाल म्हणजे लेक ऑस्टिनचा आटलेला तळ,
मिठानं तडकलेला.
मग पुठ्ठा सरकला उजवीकडे,
आणि एक बाई माझ्याकडे बघायला लागली
जिला मी साधारण पंचेचाळिशीनंतर
कुठेतरी विसरून आले होते.

"एक थोरली, एक शेंडेफळ," टीगन म्हणाली.
"एकाच घरात इतकं उजवं-डावं?"
मी हसले.
हसण्याच्या सुरकुत्याही उजवीकडेच जास्त पडतात.

क्लेम खाणीतून सुटला तेव्हापासून
अकरा वर्षं माझ्या शेजारी बसायचा, डाव्या सीटवर,
मांडीवर थर्मास, फुफ्फुसात दगडाची भुकटी.
दर दोन-चार दिवसांनी म्हणायचा,
"अ‍ॅव्हिस, तू काही म्हातारी होत नाहीस."
मी म्हणायची, नवऱ्यांना खोटं बोलायला
पगार मिळत असता तर आपण पर्थला घर घेतलं असतं.
बिचारा.
त्याला दिसत होतं तेवढंच तो सांगत होता.
मधे मी होते, तो माझ्या सावलीत,
आणि माझी ती बाजू
त्याच्याकडे.

टीगननं नळी दिली.
दोन बोटं भरून, म्हणाली, तोंडाला आणि मानेला.
ढग असले तरी. जुलैत थंडीनं दात वाजत असले तरी.
काच वर असली तरी.
गेलं ते येणार नाही, उरलंय ते राहील.
आणि तो तीळ डॉक्टरला दाखव, कानाजवळचा.
बावीस वर्षांची पोर.
तिच्या नाकावर पांढरा पट्टा, न पुसता राहिलेला.

पहिले काही दिवस मी कंजूषपणा केला,
फक्त उजवीकडेच लावलं,
आजारी लेकराच्या ताटात तूप वाढावं तसं.
हातही आखडायचा,
सत्तरीला टेकलेल्या बाईनं आरशापुढे
असलं काही करावं याची लाज वाटून.
मग एका पहाटे, इंजिन तापेपर्यंत,
बोट आपोआप पलीकडे गेलं.

आता नळी डबीतल्या सँडविचबरोबर बर्फाच्या पेटीत असते,
डॅशबोर्डवर ठेवली की पाणी होतं तिचं.
थंडगार लागते गालाला.
तीळ दाखवला. काही नव्हतं.
उजव्या बाजूला माप धरून लावते,
डावीकडे थोडं जास्तच जातं.
शेजारच्या सीटवर आता पार्सलं असतात,
गुरुवारी कोंबडीची पिल्लं, पुठ्ठ्याच्या खोक्यात,
हवेसाठी भोकं पाडलेली.
भोकांतून एकेक डोळा
मीकाथारापर्यंत माझ्याकडे बघत असतो.