तार आहे तेवढीच

सावद्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे,
वर पत्र्याची खोली, खोलीपुढं गच्ची.
तिथून एक तार निघते
आणि रस्त्यापलीकडं उखा तडव्याच्या निंबाला टेकते.
किती फूट, ते मी नीट मोजलेलं नाही.
बंडल संपलं तिथं फांदी होती, एवढंच.

ती कुठल्याच पट्ट्याला धड बसत नाही.
चाळीस मीटरला आखूड पडते, वीसला लांब.
वैशाखात सैल होऊन झोळ टाकते.
खाली केळीचा ट्रक भरायला उभा राहिला
की मीटरचा काटा सरकतो,
धाडलेलं निम्मं माझ्याच तोंडावर परत येतं.
दिवाळीत निंब छाटला, तेव्हा आठवडाभर
मध्य प्रदेशसुद्धा ऐकू आला नाही,
आणि तो तर इथून डोंगराआड.

म्हणून ही डबी आणली. विटेएवढी, काळी.
पैसे किती पडले ते घरी अजून सांगितलेलं नाही.
बटण दाबायचं, दहा वॅटचा एक सरळ सूर सोडायचा,
की आतले रिले सुरू:
खट् खटाखट् खट् खट्,
कुणी किल्ल्यांचा जुडगा घेऊन
अंधारात कुलपाशी उभं असावं तसं.
ही नाही. ही नाही. ही पण नाही.
तीन सेकंद.
मग गप्प, आणि काटा एकच्या अंगाला.
जमलेलं ती लक्षातही ठेवते.
दोन हजार जागा आहेत म्हणे तिच्या पोटात.

भारंबे सरांच्या पोटात एवढ्या नव्हत्या.
शाळेच्या प्रयोगशाळेत, मधल्या सुट्टीत,
तांब्याच्या नळीचं वेटोळं,
भंगारातल्या रेडिओंचे दोन गँग कंडेन्सर,
आणि तारेजवळ धरलेला निऑनचा बारका दिवा.
डावा हात हळू, उजवा त्याच्या उलटा.
दिवा उजळला की म्हणायचे,
"तार बदलली नाही रे. तार आहे तेवढीच.
आपण फक्त यंत्राची समजूत काढली."

आता सर मला माझ्या भावाच्या नावानं हाक मारतात.
चहा झाला की नाही, ते कपाला विचारतात.
गेल्या गुरुवारी हेमलतावहिनींनी त्यांना स्कूटीवर आणलं.
"तासभर बसू द्या तुमच्यापाशी,
बाजार करून येते."
जिना चढायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

पंखा बंद केला, त्याची खरखर रेडिओत येते.
घामानं हेडफोन चिकटलेले.
सर खुर्चीत, गुडघ्यांवर हात,
नजर रेग्युलेटरवर, की त्याच्याही पलीकडं.
मी बटण दाबलं.

खट् खटाखट्.

सरांचे हात गुडघ्यांवरून वर उठले.
डावा हळू, उजवा त्याच्या उलटा,
हवेत दोन बटणं, जी मला दिसत नव्हती.
थोडं पुढं. थोडं मागं. पुन्हा केसभर पुढं.
आणि ते थांबले.
रिले अजून दोनदा वाजले,
मग तेही थांबले.

"जमलं का रे भो?"

मीटर म्हणत होता, एक पूर्णांक एक.
मी हो म्हणालो. माझा आवाज बरोबर नव्हता.

हाक दिली. रामेश्वरमकडचा एक जण आला,
पाच-नऊ म्हणाला, तिकडं वारा सुटलाय म्हणाला.
मी माइक सरांच्या हातात दिला.
त्यांनी तो दाबून धरला, ओठांशी नेला,
आणि काहीच बोलले नाहीत.
सोडल्यावर पलीकडून आलं,
"पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, काही ऐकू आलं नाही."
सर हसले.
मला म्हणाले, "चांगला माणूस दिसतो."
खाली स्कूटीचा हॉर्न वाजला.

काल ट्रक आला, काटा हलला.
बटण दाबायच्या आधी
मीही हात गुडघ्यांवर ठेवून पाहिले.
डावा हळू, उजवा उलटा.
डबी थांबली, तेव्हा मी अजून
अर्ध्या वाटेत फिरवत होतो.