फॉर्म भरताना

भंवरकुव्याच्या दवाखान्यात
मॅडमनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का असं?
आई म्हणाली, छे.
शार्दूल नखाजवळची साल सोलत बसलेला.

छे म्हणताना
दिगूकाका तिला आठवले नसणार.
ते फक्त 'जरा एकटे राहायचे'.
राजवाड्याजवळची नोकरी सोडून
तीन वर्षं जिन्याखालच्या खोलीत,
ताट दाराबाहेर ठेवायचं,
आम्ही मुलं दबक्या पावलांनी.
स्वभाव म्हणायचे सगळे त्याला.

पुढचे प्रश्न सोपे होते.
झोप? चार वाजेपर्यंत फोन.
मित्र? होस्टेल बदललं, आता नाहीत.
भूक? उसळ-पोहे आणून दिले
तर कागदातच राहतात, शेव मऊ पडून.
टेस्टमधला नंबर मात्र तो स्वतःच सांगतो,
कुणी न विचारता.
चारशे बारा.

आईने पेनाचं टोपण लावलं.
मग परत काढलं.
वरच्या त्या रिकाम्या चौकटीत
शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं:
दिगंबर. धाकटे दीर.

शार्दूलने मान वर केली.
'काकांना पण?'

हो म्हणायला तिला
बराच वेळ लागला.