बॅटरी लिमिट

कोप्पद साहेबांना सोमवारपर्यंत आकडा हवाय.
गंधकाम्ल, दिवसाला दोनशे टन,
जागा होनग्याच्या पुढे, हायवेला लागून;
खालच्या अंगाला ज्वारी अजून उभी आहे.
"एष्ट आक्कैती?" त्यांनी फोनवर विचारलं,
मग माझ्यासाठी मराठीत, "म्हणजे अंदाजे की हो."

अंदाजे. माझं पोट या एका शब्दावर आहे.
उद्यमबागेत, लेथच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथं जिन्यातून कापलेल्या बीडाचा वास वर येतो,
मी न बांधलेल्या गोष्टींची किंमत सांगतो.

जुन्या वहीत एक कारखाना आहे,
शंभर टनांचा, अठ्ठ्याण्णव साली उभा राहिलेला:
गंधकाची भट्टी, बॉयलर, चार थरांचा कन्व्हर्टर,
त्यात व्हॅनेडियमच्या पिवळट गोळ्या,
तीन मनोरे. खाली पेन्सिलीने अकरा कोटी.
अकराचे आजच्या भावात तेहतीस धरले.
आता शंभराचे दोनशे.
पण दुप्पट मालाला दुप्पट पैसा लागत नाही;
टाकीचं पोट दुप्पट झालं
तरी पत्रा दुप्पट लागत नाही.
घात शून्य पूर्णांक सहा.
दीडपट, वर चिमूटभर.
पन्नास कोटी.
पुढे मी नेहमीसारखं लिहितो:
तीस टक्के इकडे, तीस टक्के तिकडे.
"इकडे का तिकडे," कोप्पद हसले,
"आमच्या भागात हे नवं नाही की हो."

आराखड्यावर एक तुटक रेघ असते, बॅटरी लिमिट.
तिच्या आतलं माझ्या बेरजेत.
बाहेरचा रस्ता, विजेचे खांब, पाण्याची लाइन
दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर.
ज्वारी कुणाच्याच कागदावर नाही.
रेघेचं मला कौतुक नाही.
माझ्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो,
माझंच आडनाव मी बोट ठेवून
अक्षराला अक्षर लावून वाचतो.

यमकनमर्डीहून दस्तगीर मेस्त्री आला.
मनोऱ्याच्या आतून आम्लाची वीट लावणारा
आता तो एकटाच उरलाय.
किती दिवस धरू, विचारलं.
"दिवस नका विचारू, सांधे विचारा.
सांधा तीन मिलिमीटर. चार झाला
की आम्ल वाट काढतंय."
हाताची नखं त्यानं टेबलाखाली ठेवली होती.
मी लिहिलं: अस्तर मजुरी, एकरकमी.

रात्री शहापूरच्या घरी
तेच सूत्र उलटं लावून बघितलं.
दोघांचं घर एकाचं झालं,
शालनला जाऊन चैत्रात दोन वर्षं होतील.
सिलिंडर दीड महिना पुरायचा.
आता तीन पुरायला हवा.
सव्वादोन पुरतो.
कुकर तेवढाच तापतो,
स्वयंपाकघरातला दिवा एकाला अर्धा लागत नाही.
निम्म्याचा खर्च शून्य पूर्णांक सहासष्ट.
वहीत मांडून दोनदा तपासलं.
कारखान्यांसाठी काढलेलं सूत्र,
दशांशापर्यंत बरोबर.

सोमवारी कोप्पद समोर बसले,
चष्मा कपाळावर, बोट शेवटच्या ओळीवर.
"आकस्मिक, दहा टक्के. हे पाच कोटी कशाचे?"
माहीत नाही, म्हणालो.
माहीत असतं तर वरच्या ओळींत घातले असते.
खाली लेथ थांबला, पुन्हा सुरू झाला.
त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
"आमच्या थोरलीच्या वेळी," ते म्हणाले,
"आम्ही काहीच धरलं नव्हतं."
मी पेन्सिल खाली ठेवली.
बऱ्याच वेळानं त्यांनीच ती उचलून
माझ्याकडे सरकवली.
"बारा कर," म्हणाले.