चवीपुरतं

राखेच्या बुधवारापासून दर शुक्रवारी
तीन वाजेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही,
एवढाच माझा नेम.
आणि धंदा तर्री-पोह्यांचा.
सदरमध्ये, पोस्टाच्या भिंतीला लागून गाडी.

पहाटे चारला चणे शिट्टी देतात
तेव्हा पोट झोपेत असतं.
ते उठतं कांदा लाल होताना.

पहिल्या शुक्रवारी मी मुद्दामच डोकं विंचरलं नाही.
कुणीतरी विचारावं,
काऊन हो भाऊ, बरं नाही का?
हन्नाने दारातून मागे ओढलं,
पळीभर खोबरेल टाळूवर थापलं.
म्हणाली, तोंड धुवा.
गिऱ्हाइकाला पोहे वाढा, उपास नका वाढू.

भुकेने देव आठवतो, असं पाळकसाहेब म्हणाले होते.
मला आधी भाचा आठवला.
समोरच होता योएल, तिसरी प्लेट,
डोळे मोबाइलमध्ये, लिंबू न पिळताच फेकलेलं.
एवढा राग
भरल्या पोटाखाली मी कुठे ठेवला होता इतकी वर्षं?
झारा घट्ट धरला.
त्याच्या प्लेटीत शेव टाकली, जरा जास्तच.
त्या दिवशी प्रार्थना म्हणून तेवढंच जमलं.

बाप माझा कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेत राबायचा.
उपास त्याला झेपला नाही, बिडीही सुटली नाही,
पण झाडाला ताण द्यावा तर त्यानेच.
पाणी तोडायचं.
रोज एक पान दोन बोटांत धरून बघायचं.
ताण कमी पडला तर नुसती पालवी,
जास्त झाला तर सरपण.
मधला एक दिवस असतो.
तो झाडाला कळायचा, आणि बापाला.
मला अजून पान धरता येत नाही.

एरवी शुक्रवारी माझं मीठ चाखायचा जब्बार.
ऑटो कडेला लावून, तळहातावर थेंबभर तर्री,
डोळे मिटून म्हणायचा, हो गया भाऊ.
यंदा त्याचे रोजे आणि आमचे चाळीस दिवस
एकमेकांत शिरले.
चौथ्या शुक्रवारी त्याने दोन्ही हात वर केले.
मी वासावर मीठ घातलं.
घातलं, आणि मला वाटतं, पुन्हा घातलं.

अकरापर्यंत ऐंशी प्लेटा.
पोस्टमन, कोर्टातला टायपिस्ट,
कूलरच्या ताट्या भरणारी दोन पोरं,
मेयोची रात्रपाळी संपवून आलेल्या लोणारे सिस्टर.
कुणी म्हणालं, पाणी द्या जरा.
कुणी वरून पोहे मागितले, कोरडे.
ऊन वाढलं म्हणून असेल, मला वाटलं.
रामटेके मास्तर, जे कांदा जाड चिरला म्हणून
रस्ताभर ऐकवतात,
तेसुद्धा रुमालाने तोंड पुसत
छान म्हणून गेले.

भांडी घासता घासता तीन वाजले.
शाळेची घंटा झाली.
कढईच्या तळाला वाटीभर उरली होती.
गाडीमागे बसलो, उपकार मानले,
पहिला घास बुडवला.

मीठ!
दुप्पट. जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं.

ऐंशी जणांनी हे गिळलं होतं.
चपचपीत डोक्याचा मी,
आणि प्रत्येकाला पाठ होता माझा शुक्रवार.
गुपित होतं ते फक्त माझ्यापासून.

ती वाटी मी संपवली. टाकवली नाही.

जब्बारला सांगितलं तर कोरड्या ओठांनी हसला.
त्याचं अजून सूर्य बुडायचं बाकी होतं.
इफ्तारला हे नको आणू, म्हणाला.

रात्री हन्नाला सांगितलं सगळं,
मास्तरांचा रुमालही.
तिने ऐकलं, दिवा बारीक केला.
म्हणाली, पुढच्या वेळी
दोन बटाटे चिरून सोडा त्यात.
मीठ ओढून घेतात.