नाडीचा वण

लग्नसराई उतरणीला लागली की
रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढून घेते.
परभणीच्या स्टेशन रोडवर शेवटची काळीपिवळी
मानवत, मानवत म्हणत माणसं भरत असते.
कूलरमधलं पाणी शिळं. यूपीएस
मधूनच एक हुंदका देतो.
दिवसभर गोऱ्या केलेल्या नवऱ्या
एका फोल्डरमध्ये झोपवते
आणि दुसरं उघडते. त्याला नाव दिलंय
'लाईट बिल २'.

त्यात पदमीणबाई.
बावन्न वर्षांची, पाठमोरी,
दुकानावरच्या खोलीत, शहाबादी फरशीवर.
पत्र्याच्या भोकातून आलेला उजेड
मणक्यावरून एकेक पायरी उतरतो
आणि कमरेशी अडतो.

तिथं नाडी आहे.
म्हणजे नाही, परकर खुंटीला आहे,
पातळ, पोलकं, सगळं खुंटीला,
पण नाडी कमरेतच राहिली.
बोटभर रुंदीचा काळा पट्टा,
चाळीस वर्षं पहाटे पाचला ओढून बांधलेला,
डावीकडे जास्त काळा,
कारण गाठ डावीकडे.
तीनशे टक्क्यांवर नेलं
तर सुताचा पीळसुद्धा मोजता येतो.

माझ्या हाताला सवय आहे.
जखम भरणारा ब्रश उचलला,
शेजारची नितळ कातडी थोडी थोडी उसनी घेत
वरून लिंपत गेले.
दोन तासांत कंबर झाली
दुकानातल्या घागरीसारखी,
अजून कुणी पाण्याला न नेलेली.
मला आवडली. खोटं कशाला सांगू.

पैसे तिनं आधीच मोजून घेतले होते.
अट एकच: कुणाला दावायच्या आधी मला दाव.
रविवारी वसतिगृहाच्या पोळ्या लाटून आली,
नखांत पीठ, चष्मा घरी विसरलेला.
स्क्रीनला नाक लावून बघत राहिली.

"ही कोन म्हनायची?"
तुम्हीच की.
"मी? आन् माझी नाडी कुटं गेली?"
चांगलं दिसत नव्हतं, म्हणाले.

ती हसली नाही. रागावलीही नाही.
पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली,
मग खुर्ची ओढून बसली.
"आमच्या गावच्या देवळाला
भायेरून दगडाच्या बाया हायेत, उघड्या.
माय म्हनायची, बगू नको.
मी बगायचे.
लुगडं न्हाई कुनाला, पर कंबरपट्टा हाय,
त्येला घुंगरं, त्येला झालरी,
कोरनाऱ्यानं किती दिस घातले आसतील.
माझा एवढाच हाय.
त्यो बी पुसायलीस?"

कंट्रोल दाबून झेड.
पुन्हा झेड. पुन्हा.
उसनी घेतलेली कातडी
जिथली तिथं परत जाऊ लागली,
पट्टा उजवीकडून उगवत आला,
बेंबीमागून, पाठीवरून, डावीकडे.
"गाठ आली का?"
अजून नाही.
झेड.
"हां. आता ऱ्हाऊ दे."

चार फोटो बाहेर जायचे होते,
लांबच्या शहरातल्या एका पांढऱ्या भिंतीवर.
खाली नाव काय लिहू, विचारलं.
मला वाटलं होतं, म्हणेल काहीच नको,
मीही मनात 'अभ्यास, क्रमांक तीन' असं
काहीतरी ठरवून ठेवलं होतं.
"पदमीण गंगाराम खिल्लारे.
गंगाराम म्हंजे बाप. नवरा न्हवं."

एक प्रिंट तिनं मागून घेतली,
लहान, राशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये
घडी न पडता बसेल एवढी.
तिथं कुणी बघितली तर?
"गहू देनारा बी बघत न्हाई त्या कार्डाकडं,"
म्हणाली, आणि चप्पल घालून जिना उतरली.

फोल्डरचं नाव
मी अजून बदललेलं नाही.

सोमवारी अकरा वाजता
सेलूचं गिऱ्हाईक आलं, अल्बम घेऊन.
नवरी जरा उजळ करा, मॅडम,
सासरच्यांना दाखवायचाय.
केली.
मानेवर एक तीळ होता, तो मात्र
सांगूनही काढला नाही.
बिलात पन्नास रुपये कमी लावले.