फटी

इवोनेती बाईंनी फळ्यावर लिहिलं: घरून आणा
दुधाची रिकामी खोकी, धुऊन, कोरडी करून.
त्याखाली दोन रेघा मारून: वास नको.

सोमवारी ग्लेसीनं अकरा आणली.
क्लेइतननं मामाच्या बेकरीतून पोतंभर.
मागच्या भिंतीशी खोकी चढत गेली खिडकीपर्यंत,
आणि एकेकाच्या नावापुढं खडूच्या रेघा.
माझ्या नावापुढं काहीच नाही.

कारण आमच्याकडं खोकं यायचंच नाही.
यायचा तो पावडरीचा डबा, महिन्याला एक,
आणि एकदा आला की तो कुठं जायचा नाही.
एकात घेवडा. एकात खिळे.
एकाला तळाशी भोकं पाडून आईनं जिरेनियम लावलेलं.
एक गंजून पार चाळण झालेला,
तो खरोखरच चाळण म्हणून, राख चाळायला.
बाई सांगत होत्या, वस्तूला दुसरा जन्म द्या.
मी मनात मोजत होतो: आमचा डबा चौथ्यात आहे.
हात मात्र वर केला नाही.

जूनमध्ये मिनुआनो सुटला,
दक्षिणेच्या माळावरून, मधे कुणी न अडवलेला.
आमच्या भिंतीच्या फळ्या वाळून वाळून
एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या,
दोघींच्या मधे बोटभर अंतर.
त्यातून तो आत यायचा, घरच्यासारखा.
मेणबत्ती आमच्याआधी झोपायची.

बाई म्हणाल्या, खोकी कापू, उलगडू,
चंदेरी बाजू खोलीकडं,
पिना मारून तक्ते करू
आणि शनिवारी एका घराला आतून लावू.
कुणाच्या, ते वर्गात नाही सांगितलं.
तास सुटल्यावर मला थांबवलं,
माझ्या दप्तराचा पट्टा उगीच सरळ केला:
“आईला चालेल ना रे?”

शनिवारी सगळे आले.
मी मागं लाकडं फोडत राहिलो,
आधीच फोडलेली.

आईनं तक्ता हातात घेतला, उन्हात धरला,
एक पीन नखानं उचकटली.
“ओल लागली की ही गंजणार.
आणि खालचा वर चढवलाय तुम्ही.
पाणी वरनं येतं, पोरांनो.”
बाई क्षणभर गप्प.
मग वही उघडली आणि लिहून घेतलं.

आईनं दाभण काढलं, गळाची जुनी दोरी काढली.
वरच्याची कड खालच्यावर, कौलं चढवतात तशी.
क्लेइतनच्या बोटातून रक्त आलं,
आई म्हणाली, चोख आणि पुढं शिव.
ग्लेसीनं राखेची चाळण उलटसुलट पाहिली:
“अशी कुठं मिळते?”
“मिळत नाही. थांबावं लागतं,
नऊ वर्षं.”

मी कुऱ्हाड ठेवून आत कधी आलो
ते मलाही कळलं नाही.
कुणीतरी हातात कात्री दिली एवढं आठवतं.

दक्षिणेची भिंत पुरी झाली.
पश्चिमेची कमरेपर्यंत, आणि खोकी संपली.

त्या रात्री चुलीचा उजेड भिंतीकडं गेला
आणि परत आला.
आजवर तो जायचा तो जायचाच.
आई बराच वेळ बसून राहिली त्याच्यासमोर,
हातातलं शिमाराँव गार होईस्तोवर,
जसं कुणी पाहुणं आलंय
आणि काय बोलावं ते सुचत नाहीये.

सकाळी बाहेरून पाहिलं तर
प्रत्येक फटीतून एकेक गाय डोकावत होती,
कुणाचा डोळा, कुणाचं अर्धं शिंग,
आणि सगळ्यांच्या तारखा उलटून गेलेल्या.

सोमवारी मी डबा घेऊन गेलो, खिळ्यांचा.
बाईंनी खडू उचलला, माझ्या नावापाशी थांबल्या.
“हा रिकामा नाही.”
“नाहीच,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
“पश्चिमेची भिंत राहिलीय ना आमची.”