डावा हात खिशात

व्रानेकला पुरताना आम्ही सातजण
डावा हात खिशात घालून उभे होतो.
पाद्रीबुवांना उद्धटपणा वाटला असेल.

त्यानंच शिकवलेलं: चारशे व्होल्टसमोर
एकाच हातानं जायचं,
दुसरा असा कोंडून ठेवायचा,
नाहीतर वीज काळजातून वाट काढते.

ऑस्त्रावातल्या तळघरात
तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, ओठांत वेढे मोजत.
कुणी हाक मारली की सगळी तार उलगडून
पुन्हा एकपासून.
रागवायचा नाही; त्या दिवशी कॉफी मात्र मिळायची नाही.

ॲम्प्लिफायर जुळला की
व्हॉल्व्ह तांबूस होईतो थांबायचा,
मग रेकॉर्ड न लावताच स्पीकरला कान लावायचा.
काहीच ऐकू आलं नाही
की हसायचा.

ल्युबाला टेबलावर अर्धवट गुंडाळलेलं रीळ सापडलं,
खाली चिठ्ठी: ११४६.
"हा कुणाचा फोन नंबर?" तिनं विचारलं.

राडिमनं तार धरली.
अकराशे सत्तेचाळीस, म्हणाला,
आवाज चिरकला, पण आकडा सुटला नाही.

वर सूप निवत होतं.
ल्युबा जिन्यात उभी,
हाक न मारता.